‘कायमचे’ म्हणजे किती काळ?

इंग्रजीतील ‘फॉरएव्हर’ हा शब्द आता आपल्या घरांत परका राहिलेला नाही. भोकरसारख्या तालुक्याच्या गावीही तो चहाच्या मगावर, शाळेच्या दप्तरावर, लग्नाच्या फलकावर वधूवरांच्या नावांखाली आढळतो. ‘फॉर’ म्हणजे साठी आणि ‘एव्हर’ म्हणजे सदा. सदासाठी, कायमचे, असा त्याचा सरळ अर्थ. पण तीच इंग्रज मंडळी बस अर्धा तास उशिरा आली तरी ‘फॉरएव्हर’ लागला असे म्हणतात. त्याच अर्थाचा अधिक भारदस्त शब्द ‘एटर्निटी’. तो तर अत्तराच्या बाटलीवर आणि अंगठीच्या डबीवर जाऊन बसला आहे. शब्द मोठा असला की बाजार त्याला सोडत नाही.

हा भाषेचा विषय या पानांवर कशासाठी, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले पवित्र कुरआनचा अर्थ पुष्कळदा इंग्रजीतून वाचतात आणि तेथे हाच शब्द त्यांना पानोपानी भेटतो. या भाषांतरांच्या परंपरेत आपल्या प्रदेशाचाही वाटा आहे. मार्माड्यूक पिक्थॉल हे इंग्रज कादंबरीकार. इस्लाम स्वीकारल्यानंतर ते मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक झाले आणि पुढे हैदराबादला निजामांच्या सेवेत गेले. कुरआनच्या भाषांतरासाठी निजाम सरकारने त्यांना रजा दिली आणि १९३० साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. भोकर, नांदेड, लातूर हा आपला सारा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. या व अशा इंग्रजी भाषांतरांचे उपकार मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अरबीत ‘कायम’ या कल्पनेसाठी अनेक शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची छटा निराळी आहे. इंग्रजीत ती सारी बहुधा एकाच शब्दात विरून जातात. मराठीत आपण ‘सदैव’ लिहितो. तेथेही तेच घडते.

पहिला शब्द ‘खुलूद’. ‘खालिद’, ‘खालिदा’ ही नावे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत; ती याच धातूची. इमाम राग़िब इस्फहानी यांनी कुरआनच्या शब्दांच्या आपल्या कोशात या धातूचा जो उलगडा केला आहे, तो मराठवाड्यातील गृहिणीला चटकन समजेल. ज्या वस्तूत बदल आणि बिघाड लवकर शिरत नाही, तिला अरब लोक या धातूचा शब्द लावतात. म्हणून चुलीच्या तीन दगडांना ते ‘खवालिद’ म्हणत. काफिला तळ हलवून जातो, तंबू जातात, राख उडते. ते काळवंडलेले तीन दगड मात्र जागच्या जागी राहतात. ते अनंतकाळ राहतात असे कोणी मानत नाही. बाकी सारे गेल्यावरही ते टिकतात, एवढाच अर्थ. ज्याचे केस उशिरा पिकतात त्या माणसालाही याच धातूचे विशेषण लावीत. म्हणजे शब्दाच्या मुळाशी टिकणे आहे, जागा न सोडणे आहे. सूरह अल-आराफच्या १७६व्या आयतीत ज्याला अल्लाहने आपली चिन्हे दिली असतानाही जो जमिनीलाच चिकटून बसला, अशा माणसाचे वर्णन येते. तेथील ‘चिकटून बसला’ हे क्रियापदही याच धातूचे आहे.

दुसरा शब्द ‘अबद’. ज्या काळाला पुढे शेवट नाही तो अबद. आणि ज्याला मागे आरंभ नाही तो ‘अज़ल’. हा दुसरा शब्द कुरआनमध्ये नाही, तो कलामच्या विद्वानांनी रूढ केला. स्वर्गवासी अबदपर्यंत राहतील, पण त्यांना आरंभ आहे. आरंभ व अंत या दोहोंपलीकडे केवळ अल्लाहचे अस्तित्व आहे. सूरह अल-हदीदच्या तिसऱ्या आयतीत तोच पहिला आणि तोच अखेरचा असे म्हटले आहे, त्याचा हा अर्थ. येथे जाता जाता एक सूचना. देवनागरीत लिहिताना ‘अबद’ आणि ‘अब्द’ यांची गल्लत होते. ‘अब्द’ म्हणजे दास, ‘अब्दुल्लाह’मधला. त्यात अरबी ‘ऐन’ आहे, ‘अबद’मध्ये ‘अलिफ’. शिवाय मराठीत ‘शताब्दी’मधला ‘अब्द’ हा संस्कृत शब्द आहे व त्याचा अर्थ वर्ष. एका लिपीत तीन परके भाऊ एकसारखा पोशाख घालून उभे आहेत.

आता हे दोन शब्द एकत्र कोठे येतात ते पाहा. ‘खालिदीन फीहा अबदा’, त्यात सदैव, अबदपर्यंत राहणारे, ही पूर्ण जोडी कुरआनमध्ये अकरा ठिकाणी आली आहे. त्यांपैकी आठ ठिकाणी ती जन्नतवासीयांसाठी आहे आणि तीन ठिकाणी जहन्नमसाठी: सूरह अन-निसा १६९, अल-अहज़ाब ६५ आणि अल-जिन्न २३. इतर पुष्कळ ठिकाणी ‘खुलूद’ एकटाच येतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही, त्यावरून मुस्लिमांत मोठा वाद झाला आहे. अन-निसाच्या ९३व्या आयतीत ईमानवंताची जाणूनबुजून हत्या करणाऱ्यासाठी जहन्नम सांगितली आहे. तेथे ‘खालिद’ आहे, ‘अबद’ नाही. खारिजी व मुअतज़िला यांनी मोठे पाप करणारा कायमचाच जहन्नमी ठरविला. अहले सुन्नतच्या विद्वानांनी इतर आयती व हदीसी समोर ठेवून सांगितले की, ज्याच्या अंतःकरणात ईमान आहे, तो आपल्या पापाची शिक्षा भोगून अखेर बाहेर काढला जाईल. तेथील ‘खुलूद’ दीर्घ मुक्कामाच्या अर्थाने घ्यावा. चुलीच्या दगडांचा दाखला येथे कामी येतो. पण या अर्थाने कोणी निर्धास्त होऊ नये. ज्या शिक्षेसाठी अल्लाहने ‘खुलूद’ हा शब्द निवडला, ती दीर्घ म्हणजे किती दीर्घ, याचे माप आपल्या हाती नाही.

सूरह हूदच्या १०७ व १०८ या आयतींत आणखी एक परिमाण आले आहे: आकाश आणि पृथ्वी टिकून आहेत तोवर. वाचणाऱ्याला शंका येते की, आकाश व पृथ्वी तर कयामतच्या दिवशी नष्ट व्हायची, मग हे कायमपण कसले? इमाम तबरी यांनी खुलासा केला आहे की, अरबांना एखादी गोष्ट सदासर्वकाळ आहे असे म्हणायचे असले की ते असेच बोलत. मराठी वाचकाला तर हे सांगण्याचीही गरज नसावी. आपल्याकडच्या जुन्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ असा शब्द आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे. शिलालेखांच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात ते त्याचसाठी. वाक्प्रचार म्हणून दोन्हींची जात एकच. फरक देणाऱ्यात आहे. जन्नतच्या देणगीविषयी त्याच १०८व्या आयतीच्या शेवटी, ती कधी तोडली जाणार नाही असे स्पष्ट केले आहे.

मराठीने या अरबी कुटुंबातले काही शब्द आपल्या घरी आणून ठेवले आहेत आणि ते आता इतके मराठी झाले आहेत की त्यांचे मूळ कोणी विचारीत नाही. ‘कायम’ हा अरबीत ‘उभा असलेला’. नमाजमधील ‘कियाम’, जमातीपूर्वीची ‘इकामत’, ‘कयामत’ आणि अल्लाहचे नाव ‘अल-कय्यूम’, ही सारी त्याचीच भावंडे. जो स्वतः उभा आहे आणि ज्याच्या आधाराने सारे उभे आहे तो कय्यूम. (म्हणून मुलाचे नाव नुसते ‘कय्यूम’ अशी हाक मारून लहान करू नये, ‘अब्दुल कय्यूम’ असे पूर्ण म्हणावे.) आपण मात्र ‘कायम’ म्हणतो तेव्हा नोकरी कायम झाल्याचे समाधान डोळ्यांपुढे असते आणि ती कायम नोकरी अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांच्या वयाला संपते. शाळेच्या इतिहासात ‘कायमधारा’ शिकवितात. १७९३ साली बंगालमध्ये इंग्रजांनी जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकला. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली आणि तो कायमधाराही गेला.

‘बाकी’ या शब्दाचा प्रवास तर याहून मजेदार आहे. अरबीत ‘बाकी’ म्हणजे टिकून राहणारा. आपल्याकडे बाकी म्हणजे दुकानदाराच्या वहीतील येणे, किंवा वजाबाकीत खाली उरलेला आकडा. दिले ते गेले आणि राहिले ती बाकी, असा आपला हिशेब. तिरमिज़ीत ह. आयशा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. घरी बकरी कापली होती व तिचे मांस वाटून टाकले होते. प्रेषित (स.) यांनी काय उरले आहे असे विचारले. केवळ खांद्याचा भाग उरला आहे असे त्यांनी सांगितले. त्यावर प्रेषित (स.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, तो खांदा सोडून सारे उरले आहे. वजाबाकीचे गणित येथे पूर्ण उलटले आहे. सूरह अन-नह्लच्या ९६व्या आयतीतही हाच सिद्धांत आहे: तुमच्याजवळचे संपणारे, अल्लाहजवळचे ‘बाकी’.

वाचकहो, कुरआनमध्ये ‘खुल्द’ हा शब्द मनुष्याच्या तोंडी किंवा मनुष्याला भुलविणाऱ्याच्या तोंडी कोठे येतो, हे मुद्दाम शोधून पाहावे. सूरह ताहा १२० मध्ये इब्लीस ह. आदम (अलै.) यांना ज्या झाडाचे आमिष दाखवितो, त्याला तो खुल्दचे झाड म्हणतो, मनुष्याच्या इतिहासातील पहिली फसवणूक या शब्दाने झाली. सूरह अश-शुअरा १२९ मध्ये ह. हूद (अलै.) आपल्या आद जमातीला विचारतात की, तुम्ही असे भव्य वाडे बांधता ते काय येथेच सदा राहायचे म्हणून? सूरह अल-हुमज़ामधील माणूस पैसे मोजतो, पुन्हा मोजतो आणि त्याला वाटते की ही संपत्ती आपल्याला खुल्द देईल. आणि सूरह अल-कह्फमधील दोन बागांचा धनी आपल्या बागेत पाऊल ठेवून म्हणतो की, ही कधी नष्ट होईल असे मला वाटत नाही. तेथे त्याच्या तोंडी ‘अबदा’ आहे. सात आयतींनंतर तीच बाग मांडवांसह आडवी झालेली असते आणि तो तळहात चोळीत उभा असतो. गारपिटीत द्राक्षबाग गेलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या मराठवाड्याने हा शब्द तर गावाच्या नावातच जपला आहे. औरंगाबादजवळचे खुलताबाद म्हणजे मूळचे ‘खुल्दाबाद’. सूफी बुजुर्गांच्या मजारींमुळे त्या गावाला पूर्वी ‘रौज़ा’ म्हणत. ह. बुरहानुद्दीन ग़रीब (रह.) व ह. ज़ैनुद्दीन शीराज़ी (रह.) तेथेच विसावले आहेत. १७०७ मध्ये बादशाह औरंगज़ेबचे निधन झाल्यावर त्याला तेथे दफन केले. मृत्यूनंतर त्याला ‘खुल्दमकान’, म्हणजे खुल्द हे ज्याचे घर तो, असे संबोधिले गेले व त्यावरून गावाला आजचे नाव मिळाले. ज्या साम्राज्याचा विस्तार त्याच्या काळात सर्वांत मोठा झाला, त्याच्या स्वामीची कबर उघड्या आभाळाखाली मातीची आहे. त्याच गावात निजामांच्या घराण्याचा संस्थापक पहिला आसफजाहही आहे. त्या काळच्या शिलालेखांत व नाण्यांवर राजाच्या नावापुढे एक दुआ कोरीत, ‘खल्लदल्लाहु मुल्कहू’, अल्लाह त्याचे राज्य चिरकाल ठेवो. अकबराच्या नाण्यांवर ती आहे. दुआ करण्यात गैर काही नाही. परंतु नाणी संग्रहालयात उरली आणि राज्ये गेली. आसफजाही राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालाव्या म्हणून दिलेल्या जहागिऱ्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, कायद्याने रद्द झाल्या. ‘नस्लन बाद नस्ल’ लिहिलेल्या सनदा आजही काही घरांच्या पेट्यांत आहेत.

राजेलोकांचे सोडा. ‘कायमचे’ हा शब्द सर्वांत अविचाराने उच्चारला जातो तो आपल्या ओसरीवर. बांधाच्या भांडणात, लग्नातल्या मानपानात, म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळावे या वादात, ‘आजपासून तुझा माझा संबंध कायमचा संपला’ हे वाक्य किती सहज निघते! पुष्कळदा त्यापुढे अल्लाहची शपथही जोडली जाते. मग वर्षे जातात आणि शपथ घेतली आहे या सबबीवर दोन भाऊ एकाच सफेत उभे राहूनही एकमेकांना सलाम करीत नाहीत. बुखारी व मुस्लिममधील हदीसीप्रमाणे मुस्लिमाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे वैध नाही. तीन दिवस कोठे आणि कायम कोठे!

याबाबत ह. अबू बक्र (रजि.) यांच्या जीवनातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यातील एका शब्दाकडे सहसा लक्ष जात नाही. ह. मिस्तह (रजि.) हे त्यांच्या मावसबहिणीचे पुत्र, निर्धन, मुहाजिर, बद्रच्या युद्धात सहभागी झालेले. त्यांचा खर्च ह. अबू बक्र (रजि.) चालवीत. ह. आयशा (रजि.) यांच्यावर जेव्हा तोहमत घेतली गेली, तेव्हा ती पसरविणाऱ्यांत मिस्तहही सापडले. पित्याचे मन किती दुखावले असेल! निर्दोषत्वाच्या आयती अवतरल्यावर त्यांनी शपथ घेतली की, मिस्तहवर आपण यापुढे कधीही काही खर्च करणार नाही. बुखारीच्या रिवायतीत या शपथेत ‘अबदा’ हा शब्द आहे. ज्याच्या मुलीच्या अब्रूवर घाला पडला, त्याने ‘कायमचे’ म्हटले. आपल्या भांडणांपैकी कोणाचे कारण याहून मोठे आहे? आणि तरीही सूरह अन-नूरची २२वी आयत अवतरली: संपन्न व मोठ्या मनाच्या लोकांनी आप्तांना, निर्धनांना व मुहाजिरांना न देण्याची शपथ घेऊ नये, माफ करावे, अल्लाहने तुम्हाला माफ करावे असे तुम्हाला वाटत नाही काय? ह. अबू बक्र (रजि.) यांनी तत्काळ तो खर्च पूर्ववत सुरू केला आणि दुसरी शपथ घेतली की, आता तो आपण कधीही बंद करणार नाही. त्या दुसऱ्या शपथेतही ‘अबदा’ आहे. शब्द तोच. पहिल्याने दार लावले होते, दुसऱ्याने उघडे ठेवले.

अशी शपथ घेऊन बसलेल्यांसाठी शरीअतने वाट ठेवली आहे. शपथेहून चांगली गोष्ट दिसली तर ती करावी व शपथेचा कफ्फारा द्यावा, असा प्रेषित (स.) यांचा आदेश आहे. कफ्फारा सूरह अल-माइदाच्या ८९व्या आयतीत आहे: दहा गरजूंना आपल्या घरी खातो तसे मध्यम प्रतीचे जेवण, किंवा त्यांना वस्त्र, किंवा गुलामाची मुक्तता, हे शक्य नसेल त्याने तीन रोजे. दहा माणसांच्या जेवणाच्या खर्चाने वीस वर्षांचे वैर मिटत असेल, तर तो सौदा महाग नाही.

शेवटी एका कागदाविषयी लिहायचे आहे. वडील वारले की आमच्या बऱ्याच मुस्लिम कुटुंबांतही बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. त्यात ती आपला हिस्सा कायमस्वरूपी सोडीत आहे, असे लिहिलेले असते. बहीण सही करते, कारण सही केली नाही तर माहेर कायमचे तुटेल हे तिला न सांगता सांगितलेले असते. आता सूरह अन-निसा उघडून पाहावी. ११व्या व १२व्या आयतींत वारसांचे हिस्से आहेत. त्याला लागूनच, १३व्या व १४व्या आयतींत, या अल्लाहने ठरविलेल्या सीमा आहेत असे सांगून, त्या पाळणाऱ्यांसाठी जन्नत व त्या ओलांडणाऱ्यासाठी आग सांगितली आहे. आणि दोन्ही ठिकाणी ‘खुलूद’चा शब्द आहे. नमाज किंवा रोजाच्या आदेशानंतर असा इशारा जोडलेला नाही, वाटणीच्या आदेशानंतर आहे. हक्कसोडपत्रातला ‘कायम’ आणि या आयतींतला ‘खुलूद’ एकमेकांसमोर ठेवून पाहावेत.

वडील गेले, पत्नी आधीच वारली आहे, मागे दोन मुलगे व एक मुलगी, आणि कर्ज व वसीयत फेडून दहा एकर जमीन, असे धरू. दोन मुलींइतका एका मुलाचा हिस्सा, या नियमाने पाच भाग होतात. भावांना चार चार एकर आणि बहिणीला दोन. बहिणीने आपल्या खुशीने भावाला काही देण्यास मनाई नाही. मात्र ती खुशी ओळखायची असेल तर क्रम बदलावा लागेल. आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून फेरफार तिच्या नावाने मंजूर व्हावा, सातबारा तिच्या हाती द्यावा, एखाददुसऱ्या हंगामाचे पीकही तिच्या घरी जाऊ द्यावे. त्यानंतर ती देते की नाही, हे तिच्यावर सोडावे. आणि तिने ठेवून घेतले, तर ईदला तिला आणायला त्याच आनंदाने जावे.